आपल्या अक्षराला शोभेल अशी निब

"शाईचं पेन घ्यायचं आहे, पण निब कोणती घेऊ? बारीक की मध्यम?" फाउंटन पेनाकडे वळणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात उभ्या असलेल्या माणसाला उत्तर सोपं आहे. दुकानदार दोन-चार पेनं काढतो, शाईची दौत पुढे करतो आणि आपण कागदावर लिहून बघतो. पण मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीसारख्या गावात राहणाऱ्या मराठी माणसाला ही सोय सहसा नसते. वुस्टर शहराला आणि क्विन्सिगामंड तळ्याला लागून असलेल्या या गावात आणि आसपासच्या वेस्टबरो, नॉर्थबरोमध्ये मराठी घरं आहेत. तिथे पेन मागवायचं ते पडद्यावरचं चित्र पाहून, आणि निबेचा आकार निवडायचा तो एका इंग्रजी अक्षरावर बोट ठेवून.

त्यात आणखी एक अडचण आहे. निब कशी निवडावी यावर जे लिहिलेलं सापडतं, ते जवळजवळ सगळं रोमन लिपीत लिहिणाऱ्यांसाठी असतं. त्यानुसार निवडलेली निब इंग्रजीत छान चालते आणि मराठी लिहायला बसलं की 'ष', 'क्ष', 'ज्ञ' शाईनं भरून जातात. या प्रकरणात आपण मराठी अक्षर समोर ठेवून निब निवडायला शिकू. त्यासाठी एक फूटपट्टी, एक वही आणि थोडा भागाकार पुरतो.

१. निबेवरची अक्षरं काय सांगतात?

निबेवर बहुधा ईएफ, एफ, एम किंवा बी असं कोरलेलं असतं. ईएफ म्हणजे अतिबारीक, एफ बारीक, एम मध्यम आणि बी जाड. ही मापं निबेच्या टोकावरच्या बारीकशा मण्याची आहेत. निबेचं पान पोलादाचं किंवा सोन्याचं असतं, पण कागदाला टेकतो तो हा मणी. तो ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा कठीण धातूंच्या मिश्रणाचा असतो, म्हणून वर्षानुवर्षं लिहूनही सहज झिजत नाही. त्याला सवयीनं 'इरिडियम पॉइंट' म्हणतात, पण आज त्यात इरिडियम क्वचितच असतं.

या अक्षरांमागे सगळ्या कंपन्यांनी पाळावं असं एकच माप नाही. जर्मन पेनांचं एफ कागदावर साधारण ०.५ ते ०.६ मिलिमीटरची रेघ काढतं. पायलट, प्लॅटिनम, सेलर या जपानी कंपन्यांचं एफ ०.३ ते ०.४ मिलिमीटरपर्यंत खाली येतं. जपानी लिखाणात कांजी अक्षरं असतात. छोट्या चौकटीत दहा-पंधरा रेघा बसवायच्या, तर निब बारीकच लागते. म्हणून ढोबळ नियम असा की जपानी निब युरोपीय निबेपेक्षा एक पायरी बारीक धरावी: जपानी एम म्हणजे जवळपास युरोपीय एफ.

निबेच्या संदर्भात पाच किंवा सहा असा क्रमांकही वाचायला मिळतो. तो निबेच्या पानाचा आकार सांगतो आणि रेघेच्या जाडीशी त्याचा काही संबंध नसतो. सहा नंबरची मोठी निब अतिबारीक असू शकते आणि पाच नंबरची छोटी निब जाड. नव्या ग्राहकाची सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

२. पूर्वी निब हाताप्रमाणे कापत

निब छापील मापात मिळणं ही तशी अलीकडची गोष्ट. श्रूजबरीत आर्टेमस वॉर्ड या सेनानीचं घर आज संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. १७७५ मध्ये बॉस्टनला वेढा पडला तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन येईपर्यंत वसाहतींच्या सैन्याची सूत्रं वॉर्डकडे होती. त्या काळी हुकूम, पत्रं, हिशेब सारं हंसपिसानं लिहिलं जाई. पिसाचं टोक चाकूनं कापायचं, बोथट झालं की पुन्हा कापायचं. कापणारा ते आपल्या हाताला आणि अक्षराला साजेल असं कापत असे.

आपल्याकडे हेच काम बोरूनं होत होतं. बोरूचं टोक तिरकं छाटलं की रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते आणि बाळबोध अक्षराला त्याचं वळण येतं. मोडी लिहिताना आधी ओळभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिला लगटून अक्षरं भरभर खाली सोडत. हात कमीत कमी उचलायचा, म्हणून टोक सहज घसरणारं असावं लागे. बाळबोध आणि मोडी या दोन लिखाणांची टोकाकडून अपेक्षाच वेगळी होती.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे कारखाने पोलादी निबा लाखांनी बनवू लागले. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमननं शाई बेतानं खाली सोडणाऱ्या पेनाचं पेटंट घेतलं. श्रूजबरी ज्यात येतं त्या न्यू इंग्लंडच्या परिसरात, ऱ्होड आयलंडमध्ये १८४६ साली सुरू झालेली क्रॉस कंपनी लेखणीच्या धंद्यात नावाजली, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये कार्टर कंपनीचा शाईचा मोठा कारखाना उभा राहिला. कारखान्याची निब आली तशी ती हातानं कापून घेण्याची कला मागे पडली. आता आपण निब कापत नाही, निवडतो. त्यामुळे आपलं अक्षर मोजून घेणं आपल्यालाच करावं लागतं.

३. रेघेची जाडी कशावर ठरते?

एकाच निबेनं दोन माणसांनी लिहिलं तर रेघ वेगवेगळी उमटते. रांगोळी घालणाऱ्या हाताकडे पाहिलं की कारण लक्षात येतं. चिमूट सैल असेल तर रेघ जाड पडते, हात सावकाश चालला तर आणखी जाड, आणि जमीन खडबडीत असेल तर तिच्या कडा फिसकटतात. निबेचंही तेच आहे. चिमटीच्या जागी निबेची चीर आणि तिच्याखालची, शाई पुरवणारी जीभ आहे, हाताची गती तीच आहे, आणि जमिनीच्या जागी कागद आहे.

शाईचा प्रवाह हे पहिलं कारण. काही शाया सढळ उतरतात, काही हात राखून. पेलिकनची ४००१ ही शाई कोरडी म्हणून ओळखली जाते. जाड वाटणाऱ्या निबेत अशी शाई भरली की रेघ थोडी आवरते. उलट पायलटची इरोशिझुकू सढळ वाहते, आणि कोरड्या निबेला तिचा उपयोग होतो. मराठी घरांतली ओळखीची कॅमल शाई दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या उद्योगातून आली. ती रोजच्या लिखाणाची शाई आहे आणि निब पारखायला उत्तम, कारण ती साफ धुऊन निघते.

कागद हे दुसरं कारण. अमेरिकेत प्रिंटरसाठी सर्रास मिळणारा 'वीस पौंडी' कागद म्हणजे आपला ७५ ग्रॅमचा कागद. त्यातले बरेच कागद शाई शोषतात आणि रेघ धाग्याधाग्यांतून पसरते. गुळगुळीत, शाई वर धरून ठेवणाऱ्या कागदावर तीच रेघ बारीक आणि स्वच्छ दिसते. तुमचं बरंचसं लिखाण साध्या कागदावर होणार असेल तर हिशेबात आलेल्या मापापेक्षा एक पायरी बारीक निब घ्या.

तिसरं कारण हात. सावकाश लिहिणाऱ्याची रेघ जाड होते, भरभर लिहिणाऱ्याची बारीक. बॉलपेनाच्या सवयीनं जो जोर देतो त्याच्या निबेच्या दोन फाका उघडतात आणि शाई जास्त उतरते. हा जोर कमी करणं हा निब निवडण्याआधीचा धडा आहे. पेन केवळ स्वतःच्या वजनानं कागदावर चाललं पाहिजे.

४. फूटपट्टी घ्या आणि अक्षर मोजा

आता मुख्य हिशेब. नेहमीच्या वेगानं, वळण काढायचा प्रयत्न न करता, मराठीत चार ओळी लिहा. त्यातलं 'प' किंवा 'म' शोधा आणि शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून काना संपतो तिथपर्यंतची उंची मोजा. मात्रा, वेलांटी आणि उकार यात धरायचे नाहीत.

आता 'ष' घ्या. त्याचं पोट साधारणपणे अक्षराच्या वरच्या दोन तृतीयांश भागात मावतं. त्या पोटातून वरून खाली आलं तर तीन रेघा लागतात: शिरोरेषा, मधली तिरकी रेघ आणि पोटाची तळरेघ. त्यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा. अक्षर स्वच्छ वाचता यायचं तर मोकळी जागा निदान रेघेइतकी जाड हवी. म्हणजे पोटाच्या उंचीचे पाच समान भाग: तीन शाईचे, दोन कागदाचे.

उदाहरण पाहू. तुमचं अक्षर ३ मिलिमीटर उंच आहे. पोट आलं २ मिलिमीटर. त्याचे पाच भाग केले की ०.४ मिलिमीटर. ही तुमची जास्तीत जास्त जाडी. याच अक्षरात ०.७ मिलिमीटरची मध्यम निब वापरली तर तीन रेघांनाच २.१ मिलिमीटर लागतात. पोट २ मिलिमीटरचं आणि रेघा त्याहून जास्त, म्हणजे 'ष' पूर्ण बुजणार. अक्षर गिचमिड दिसतं म्हणून आपण स्वतःच्या हाताला दोष देतो, पण अनेकदा दोष या भागाकारात असतो.

हा हिशेब एका ओळीत मांडता येतो: अक्षराच्या उंचीला साडेसातनं भागा. जे उत्तर येईल त्याहून जाड रेघ नको.

- उंची ३ मिमी: रेघ ०.४ मिमी. जपानी एफ.
- उंची ४ मिमी: रेघ सुमारे ०.५ मिमी. युरोपीय ईएफ किंवा जपानी एम.
- उंची ५ मिमी: रेघ सुमारे ०.६५ मिमी. युरोपीय एफ.
- उंची ६ मिमी: रेघ ०.८ मिमी. युरोपीय एम.

हाताशी असलेल्या पेनाची रेघ किती जाड आहे हे पाहायलाही भिंग लागत नाही. एकीला एक चिकटून दहा उभ्या रेघा ओढा, मध्ये पांढरं दिसू देऊ नका. तो पट्टा मोजा आणि दहानं भागा. पट्टा ५ मिलिमीटरचा भरला तर रेघ अर्ध्या मिलिमीटरची.

५. एकच पेन, दोन लिपी

श्रूजबरीतल्या मराठी माणसाच्या एकाच वहीत दोन्ही लिपी असतात. कामाची टिपणं इंग्रजीत, आणि आईला लिहायचं पत्र किंवा स्वयंपाकाची कृती मराठीत. इंग्रजीच्या 'ई' अक्षरातही वरून खाली तीन रेघा आणि दोन मोकळ्या जागा असतात, पण त्या अक्षराची पूर्ण उंची त्यांच्या वाट्याला येते. म्हणून ३ मिलिमीटर उंचीचं इंग्रजी 'ई' ०.६ मिलिमीटरची रेघ पेलतं. तेवढ्याच उंचीच्या मराठी 'ष'ला ०.४ मिलिमीटरच झेपतात. दोन्ही लिपी सारख्या उंचीच्या लिहीत असाल तर निब मराठीच्या मापानं घ्या. बारीक निबेनं इंग्रजी बिघडत नाही, पण जाड निबेनं मराठी बुजते.

वहीच्या ओळींचाही विचार करा. आपल्या शाळेत मराठीसाठी दुरेघी आणि इंग्रजीसाठी चौरेघी वही होती, कारण दोन्ही लिपींना जागा वेगवेगळी लागते. अमेरिकेतल्या 'कॉलेज रूल्ड' वहीत दोन ओळींत ७.१ मिलिमीटर अंतर असतं, 'वाइड रूल्ड' वहीत ८.७. मराठीला वर वेलांटी-मात्रेसाठी आणि खाली उकारासाठी प्रत्येकी अक्षराच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी जागा लागते असं धरू. मग ओळीतल्या अंतराचे पाच भाग करून तीन भाग अक्षराला मिळतात. 'कॉलेज रूल्ड'मध्ये अक्षर सुमारे सव्वाचार मिलिमीटरचं आणि रेघ ०.५५ मिलिमीटरची. 'वाइड रूल्ड'मध्ये अक्षर सव्वापाच मिलिमीटरचं आणि रेघ ०.७ मिलिमीटरची. पहिल्या वहीला युरोपीय एफ ही मर्यादा आहे, दुसरीत एम खपून जाते.

६. शिरोरेषेची परीक्षा

मराठी लिहिणाऱ्याचा हात एक गोष्ट सतत करतो जी इंग्रजी लिहिणारा क्वचित करतो. शब्द संपला की तो डावीकडून उजवीकडे लांब आडवी रेघ ओढतो. निबेच्या दोन फाका किंचित जरी वरखाली असतील तर ती या आडव्या रेघेत खरखरते किंवा मध्येच कोरडी पडते. निब तपासताना बरेच जण गोल गोल वेटोळी काढतात. तुम्ही त्याऐवजी 'महाराष्ट्रातल्या' असा लांब शब्द लिहा आणि त्यावर एका दमात शिरोरेषा ओढा. रेघ अखंड आली आणि कागद ओरखडला नाही, तर निब मराठीसाठी चांगली.

निबांचे दोन खास प्रकार इथे माहीत असावेत. 'स्टब' निबेचं टोक चपटं असतं. तिनं उभी रेघ जाड येते आणि आडवी बारीक, म्हणून काने भरदार आणि शिरोरेषा नाजूक दिसते. 'आर्किटेक्ट' निबेचं याच्या उलट: शिरोरेषा जाड, काना बारीक. दोन्हींनी अक्षराला डौल येतो, पण १.१ मिलिमीटरची स्टब रोजच्या टिपणांसाठी फार जाड आहे. सहा-सात मिलिमीटरच्या अक्षरांत शुभेच्छापत्रं, पाकिटावरचे पत्ते, मथळे लिहायला ती ठेवा.

सहीचा हिशेबही वेगळा. अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हॅनकॉकची सही सगळ्यांत मोठी आणि ठळक आहे. त्याच्या जन्मदिवशी, २३ जानेवारीला, अमेरिकेत हस्ताक्षर दिन पाळतात. सही वाचण्यापेक्षा ओळखण्यासाठी असते, म्हणून तिला एम किंवा बी चालते. सहीला शोभलेली निब रोजच्या लिखाणालाही शोभेल असं गृहीत धरू नका.

डावखुऱ्यांचा हात नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरून पुढे सरकतो आणि शाई पुसली जाते. त्यांनी बारीक निब आणि लवकर वाळणारी शाई घ्यावी. अतिबारीक निब मात्र टाळावी, कारण डाव्या हातात निब ओढली जाण्याऐवजी ढकलली जाते आणि टोकदार मणी कागदात रुततो.

मराठी शाळेत जाणाऱ्या लहान मुलांचं अक्षर आठ-दहा मिलिमीटरचं असतं आणि हात जोर देतो. त्यांना पोलादाची मध्यम निब योग्य. पायलटच्या काकुनो पेनाची निबेजवळची पकड तिकोनी असते आणि निबेवर हसरा चेहरा कोरलेला असतो. चेहरा वर दिसला म्हणजे पेन नीट धरलं, हे मुलाला न सांगता कळतं.

७. दुकान जवळ नसेल तर

पेन हातात न घेता निब ठरवायची एक भरवशाची पद्धत आहे. कोणत्याही दुकानातून एकाच कंपनीची ०.३८, ०.५, ०.७ आणि १.० अशी चार जेल पेनं आणा. त्यावरचा आकडा आतल्या गोळीचा व्यास असतो, रेघ त्याहून बारीक पडते: ०.५ च्या पेनाची साधारण ०.३ मिलिमीटर, ०.७ ची ०.४ आणि १.० ची ०.६ च्या आसपास. चारही पेनांनी एकच मराठी मजकूर लिहा. त्यात 'क्ष', 'ज्ञ', 'ष', 'भ', 'ध', 'ऋ' असलेले शब्द हवेत: शिक्षण, यज्ञ, कष्ट, भाषा, धान्य, ऋण. कागद एक दिवस बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी हातभर अंतरावरून वाचा आणि घरातल्या दुसऱ्या कोणालाही वाचायला सांगा. ०.७ च्या जेलनं लिहिलेलं सगळ्यांत स्वच्छ दिसलं तर जपानी एफ मागवा. १.० चं शोभलं तर युरोपीय एफ.

पहिलं पेन असं घ्या की त्याची निब सुटी मिळते आणि घरी बदलता येते. लॅमी कंपनीच्या सफारी पेनाची निब पुढे ओढली की निघते आणि दुसरी सरकवून बसवता येते. एका पेनावर दोन निबा वापरून पाहिल्या की तुमच्या हाताला काय हवं ते निश्चित कळतं. सोन्याच्या निबेची घाई करू नका. सोन्यानं निबेला थोडी लवचीकता येते, पण रेघेची जाडी ठरवतो तो टोकावरचा मणी, आणि चांगल्या पोलादी निबेवर तो तितकाच टिकाऊ असतो.

दोन मापांमध्ये अडलात तर मराठीसाठी बारीक माप घ्या. बारीक निबेची रेघ सढळ शाईनं थोडी भरता येते, पण जाड निबेनं बुजलेला 'ष' कोणत्याही शाईनं मोकळा होत नाही. पेन मागवण्याआधी फूटपट्टी काढा, आपलं अक्षर मोजा आणि उंचीला साडेसातनं भागा.